१३४ किलोंची गाडी

माझ्या इम्पल्स मोटरसायकलच्या नोंदणीची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे ती चालवायची तर आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग आणखी पाच वर्षं मिळतात. म्हणजे आजवर मनातल्या मनात ढकलत आणलेला प्रश्न आता तारीख घेऊन समोर आला आहे. जुनी ठेवायची की नवी घ्यायची? मुलाचं मत पक्कं आहे, "बाबा, तिने तुमच्यासाठी भरपूर केलं, आता बास." बायको म्हणते, "अहो, घ्यायची तर घ्या एकदाची, नाही तर नाही म्हणा. हे मध्येच लोंबकळणं नको."

ज्यांनी इम्पल्स पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण ती रस्त्यावर आता फारशी दिसत नाही. २०११ साल. हिरो आणि होंडा वेगळे झाले होते. त्या ऑगस्टमध्ये हिरोने लंडनला आपलं नवं नाव जाहीर केलं आणि तिथेच ही गाडी दाखवली. ब्राझीलमध्ये होंडाची एनएक्सआर १५० ब्रॉस होती, हिची ठेवण पुष्कळशी तिच्यासारखी. वर उचललेला सायलेन्सर, उंच मडगार्ड, रुंद हँडल, पुढे एकोणीस इंची चाक आणि खड्ड्यातून गेलं तरी मणक्याला कळू न देणारे लांब शॉक. डांबरी आणि कच्चा असे दोन्ही रस्ते झेपणारी आणि साध्या माणसाच्या खिशाला परवडणारी दुसरी गाडी तेव्हा आपल्याकडे नव्हती. पण इंजिन १५० सीसीचं, ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती. तेवढ्याच पैशांत पल्सर किंवा अपाचे मिळत असताना ही उंच, हळू गाडी घेणारे थोडे निघाले. २०१७ मध्ये धुराचे बीएस-४ नियम लागू झाले आणि ती बंदच झाली.

मी ती घेतली कामासाठी. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांत मी शेतीपंपांची कामं करतो. मोटार, पाइप, सोलरच्या पाट्या हे जड सामान छोट्या हत्तीतून जातं. पण बिघाड नेमका कशात आहे हे बघायला आधी मला जावं लागतं, आणि विहीर क्वचितच डांबरी रस्त्याला लागून असते. ओढ्याच्या पात्रातून, बांधाच्या कडेने, पाचट अंथरलेल्या फडातून, शेवटी एखाद्या चढावर धोंडे चुकवत जायचं. मागच्या कॅरियरला मेगर (मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आणि पान्यांची पिशवी बांधलेली. पूर्वी मी साधी शंभर सीसीची गाडी चालवायचो. ती नेऊन नेऊन शेवटी बांधाशी लावायचो आणि पुढे चालत जायचो. इम्पल्स आली आणि विहिरीच्या काठाला जाऊन उभी राहिली. माझ्या दिवसाचे दोन-दोन तास तिने वाचवले, हे मी कधी विसरणार नाही.

आणि कामाबाहेरही तिने मला हा मुलूख दाखवला. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, लागतो, तिथून वनकुसवड्याकडे मैलोन् मैल पवनचक्क्या आहेत. त्यांचं सामान वर नेण्यासाठी मुरूम आणि जांभ्याचे रस्ते काढले गेले, एका पवनचक्कीकडून दुसरीकडे जाणारे. आषाढात तिथे ढग एवढे खाली येतात की पवनचक्कीचं पातं दिसत नाही, फक्त डोक्यावरून जाताना त्याचा घूं आवाज येतो. या रस्त्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये, फूटरेस्टवर उभं राहून जाणं यासारखं दुसरं सुख मला माहीत नाही. इथे एक सांगून ठेवतो, कारण हल्ली रील काढणारी मुलं ते पाळत नाहीत. रस्ता सोडून सड्यावर गाडी घालू नये. जांभ्यावरचा मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो, आणि सीतेची आसवं, तेरडा हे सगळं त्याच थरावर उगवतं. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं म्हणून ते जपायचं आणि शेजारचा सडा तुडवायचा, याला काही अर्थ नाही. चाकाची एक फिरकी बसली की ती जागा कित्येक पावसाळे उघडी राहते.

तर गाडी बदलायची का? बदलायच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. ताकद कमी पडते म्हणतात. मला कच्च्या रस्त्यावर ती कधीच कमी पडली नाही. ओल्या जांभ्यावर १३ अश्वशक्तीही चाकाखाली धरून ठेवताना हात दुखतात. स्क्रीन नाही, ब्लूटूथ नाही, नकाशा दाखवत नाही. नसू दे. जुनी झाली म्हणतात. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला जुनेपणाचं भय कमी असतं. तीस वर्षांची मोटार रिवाइंड करून पुन्हा विहिरीत सोडलेली आहे मी, आणि ती आज पाणी काढते आहे.

पण दोन गोष्टींना माझ्याकडे सहज उत्तर नाही.

पहिली पेट्रोलची. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. चोक ओढून सुरू व्हायची, मग चौकात बंद पडायची. आमच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर काढला आणि खालची वाटी उघडून माझ्या हातात दिली. तळाशी पांढरट, भुकटीसारखा थर होता. वाटीच्या कडेची रबरी रिंग फुगून खाचेबाहेर आली होती, परत बसवायला गेलो तर बसेना. टाकीच्या नळाची जाळी तांबूस गंजाने भरलेली. मिस्त्री म्हणाले, "सर, हे सगळं त्या इथेनॉलनं. जुन्या रबराला सोसत न्हाई ते." माझ्या माहितीप्रमाणेही ते बरोबर आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल, आणि इम्पल्स त्यासाठी बनलेलीच नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोयनेच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेत ओलाव्याशिवाय दुसरं असतं काय? गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी बसतं, पत्रा गंजतो, गंज खाली उतरतो. नव्या गाड्यांचे पाइप आणि सील हे पेट्रोल धरूनच बनवलेले असतात. माझ्या गाडीचं रबर मला बदलत राहावं लागणार, टाकी आतून साफ ठेवावी लागणार. हे जमण्यासारखं आहे, पण हा आता दरवर्षीचा धडा.

इंजिनाच्या सुट्या भागांची मात्र चिंता नाही. हेच इंजिन हंकमध्ये होतं, सीबीझी एक्स्ट्रीममध्ये होतं, त्यामुळे पिस्टन, क्लच प्लेट, टायमिंग चेन कुठेही मिळते. अडतं ते फक्त इम्पल्सपुरत्या बनलेल्या वस्तूंवर, म्हणजे पुढच्या शॉकचे पाइप, मागचा मोनोशॉक, प्लॅस्टिकचे भाग. ते शोधावे लागतात आणि मिळाले तर जुनेच मिळतात. याच कारणाने गाडीला गिऱ्हाईकही आहे. मध्यंतरी एक तरुण मुलगा घरी आला, चांगली किंमत देतो म्हणाला. विचारलं, काय करणार? म्हणाला, करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन बसवणार. पुष्कळ लोक हे करतात, आणि गाडी खरंच पळते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघते. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याला ते रुचलं नाही. गाडी मी दिली नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती जास्त गंभीर आहे. इम्पल्सला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय, नाही. पुढे एक डिस्क, मागे ड्रम. कच्च्या रस्त्यावर मला त्याचं काही वाटत नाही, तिथे मागचं चाक थोडं घसरू देणं हीच वळायची रीत असते. पण कराडला जायचं तर हायवेने जावं लागतं. इम्पल्स सत्तर-पंचाहत्तरला खूष असते. त्यापुढे हँडल थरथरायला लागतं आणि आरशातलं काही ओळखू येत नाही. मागून कंटेनर येतो, मी डावीकडे सरकतो, तिथे उसाची बैलगाडी नाही तर उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला. हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. पावसात अशा ठिकाणी पुढचा ब्रेक एकदम दाबावा लागला तर चाक अडकणार आणि मी खाली, यात शंका घ्यायला जागाच नाही. पस्तिशीत हे मनातही यायचं नाही. आता पन्नाशी ओलांडली आहे आणि पावसाळी हायवेवर येतं.

त्यात रस्तेही बदलले. ज्या वाड्यांना मी पूर्वी चिखलातून जायचो तिथे ग्रामसडक योजनेचा डांबरी रस्ता झाला, आतल्या गल्लीत सिमेंट पडलं. याचा मला मनापासून आनंद आहे. बाळंतीण बाईला डोलीतून खाली आणावं लागायचं त्या वाडीत आता रुग्णवाहिका दारात जाते, त्यापुढे माझ्या गाडीचं सुख कुठे मोजायचं! पण हिशेब मांडताना हेही धरावं लागतं की माझा डांबरी प्रवास वाढत चालला आहे आणि कच्चा कमी होतो आहे.

म्हणून नव्या गाड्या नीट बघितल्या. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुंदर आहे, ४० अश्वशक्ती, हायवेवर तिच्यासारखी तीच. पण ती १९६ किलोंची. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के जीएसटी झाला आणि त्यावरच्यांवर ४०. माझ्या कामाला ती गाडी परवडत नाही, आणि बांधावर ती न्यायची हिंमतही नाही. उरली हिरोचीच एक्सपल्स २१०, जी २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात आली. इम्पल्सची खरी वारस हीच. पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, साडेचोवीस अश्वशक्ती, पुढे एकवीस इंची चाक, आणि एबीएसला कच्च्या रस्त्यासाठी वेगळी सेटिंग.

शोरूमवाले टेस्ट राइडला डांबरी रस्त्यावरच फिरवून आणतात, त्यातून आपल्याला हवं ते कळत नाही. पाटणच्या एका मित्राने ही गाडी घेतली होती. त्याच्याकडे गेलो आणि दिवसभर ती चालवली. खरं सांगायचं तर ती जवळजवळ सगळीकडे माझ्या गाडीहून सरस आहे. हायवेला नव्वदला शांत, आरशात मागचा नंबर वाचता येतो. ब्रेक दाबला की पायाखाली टक-टक-टक जाणवतं आणि गाडी सरळ रेषेत थांबते. सड्याच्या रस्त्यावर धोंड्यांवरून जाताना पुढचं मोठं चाक त्यांच्यावर चढून जातं, माझं त्यांच्यात अडतं. संध्याकाळपर्यंत माझं मन ऐंशी टक्के वळलं होतं.

मग मी मित्राला म्हटलं, एकदा ती आडवी करू या.

यामागे कारण आहे. मी एकटा फिरतो. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरलं की तो काचेसारखा होतो, आणि तिथे गाडी पडते. कितीही चांगला चालवणारा असो, पडते. पडण्यात फारसं काही नसतं, वेग पायी चालण्याएवढा असतो. प्रश्न पुढचा असतो. आसपास माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि पेट्रोल टाकीच्या झाकणातून थेंब थेंब गळतंय. अशा वेळी चावी बंद करायची, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे मागचं चाक फिरत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाही तर उचललेली गाडी पलीकडे पडते. मग गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एका हाताने हँडलचं टोक, दुसऱ्याने कॅरियर धरायचं, आणि हात न ओढता पायांनी मागे मागे सरकत जायचं. इम्पल्स १३४ किलोंची आहे. या पद्धतीने ती मला एकट्याला उचलता येते, उतारावर, भर पावसात, मेगरची पिशवी न सोडता. कंपनीच्या माहितीपत्रकात वजन इंजिन आणि टाकीच्या खाली शेवटच्या ओळींत असतं. माझ्या मते एकट्याने रानात फिरणाऱ्याने ते सगळ्यात आधी वाचावं.

मित्राच्या गाडीला क्रॅश गार्ड होतं. त्यानेच ती कापणी झालेल्या शेतात अलगद आडवी केली. सपाटीवर मी ती उचलली. १७० किलोंच्या आसपासचं वजन, तिसऱ्या झटक्याला उठली. मग आम्ही ती बांधाच्या उतारावर ठेवली, चाकं वरच्या बाजूला, जशी खरोखर पडली तर पडेल तशी. मला ती हलली नाही. पाय रुतले, कंबरेत चमक आली, आणि मित्र दुसऱ्या बाजूने धरायला आला. दोघांनी मिळून ती अर्ध्या मिनिटात उभी केली. पण मला दोघं लागले.

त्या दिवशी परत येताना मी पाटण-उंब्रज रस्त्यावर चहाला थांबलो आणि कागदावर लिहिलं की नवी गाडी मला नेमकी कशासाठी हवी आहे. हायवे आणि हिमालय, एवढंच निघालं. हिमालयाचं म्हणाल तर स्पितीला इम्पल्सवर गेलेलो आहे. कुंझुमच्या चढावर, साडेचार हजार मीटरवर, कार्बोरेटरची गाडी धापा टाकते, कारण हवा विरळ होते आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच सुटत राहतं. तिथे फ्युएल इंजेक्शनची गाडीच हवी, याबद्दल वाद नाही. पण तेवढ्यासाठी मनालीत गाडी भाड्याने मिळते, आणि साताऱ्याहून मनालीपर्यंतचं अंतर हायवेवर कापण्याची मला हौस उरलेली नाही. राहिला हायवे. कराडला आठवड्यातून एखादी फेरी होते. तिथे एसटी जाते, छोटा हत्ती जातो.

म्हणजे ज्या रस्त्यावर नवी गाडी चांगली, तिथे मला मोटरसायकलच नको आहे. आणि जिथे मोटरसायकलशिवाय भागत नाही, तिथे मला हलकी हवी आहे.

निर्णय झाला. नोंदणी वाढवायची. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरता येतो, शुल्क १००० रुपये, शिवाय पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी चालू लागतं, नवी सुरक्षा नंबरप्लेट मी बसवून घेतली आहे. निरीक्षक दिवे, ब्रेक, हॉर्न, चॅसीचा नंबर बघतात, त्यात काही अडेल असं वाटत नाही. मुलाला सांगितलं तेव्हा तो थोडा गप्प झाला आणि म्हणाला, "मग हायवेला नेणार नाही, एवढं कबूल करा." केलं. त्याने खरंच त्यासाठीच सगळा वाद घातला होता, हे मला तेव्हा कळलं. बायकोने विचारलं, वाचलेल्या पैशांचं काय? त्यावर अजून बोलणं चालू आहे.

ही तडजोड कायमची नाही, याची मला कल्पना आहे. पुढच्या शॉकचा पाइप वाकला आणि दुसरा मिळाला नाही, तर त्या दिवशी मी मुकाट्याने शोरूमला जाईन आणि एक्सपल्स घेईन, आणि ती आवडीने चालवीन. किंवा १३४ किलोही मला एकट्याला उचलेनासे होतील, मग कुठलीच नको. तोवर कामं बरीच आहेत. मिस्त्रींकडे टाकी उतरवून ठेवली आहे, आतला गंज काढून लेप द्यायचा आहे. पेट्रोलचे सगळे पाइप आणि कार्बोरेटरच्या रिंगा बदलायच्या, पुढच्या ब्रेकची जुनी नळी काढून नवी घालायची, लायनर नवे. मोनोशॉक कोल्हापूरला एकाकडे आहे म्हणतात, रविवारी बघायला जाणार आहे, एसटीने. कांदाटी खोऱ्यातल्या एका सोलर पंपाचा कंट्रोलर बंद पडलाय, तापोळ्याहून तराफ्यावर गाडी घालून पलीकडे जायचं आहे, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते काम उरकायला हवं.